हलवायाच्या घरावर तुळशीपत्र

प्रति,
सोलापूर शहर आणि परिसरातल्या महाविद्यालयांचे प्राचार्य, संगणक विभागप्रमुख, आणि लॅबच्या किल्ल्या ज्यांच्या खिशात असतात ते सगळे लॅब असिस्टंट यांना

विषय : लॅबच्या कॉम्प्युटरवर न विचारता केलेल्या विज्ञानसेवेबाबत

सर, मॅडम,
स. न. वि. वि.

मी नवी पेठेच्या मागच्या गल्लीत कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवतो. तुमच्यापैकी चार-पाच कॉलेजांच्या मशीनचं वार्षिक मेंटेनन्स माझ्याकडे आहे. त्यामुळे तुमच्या लॅबमध्ये माझा पुष्कळ वेळ जातो, बहुतेक टेबलाखाली. तिथून जे दिसलं त्याबद्दल लिहितो आहे.

मार्चमध्ये एका कॉलेजातून फोन आला. कॉलेजचं नाव घेणार नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळेल. प्रॅक्टिकल परीक्षा तोंडावर आल्या होत्या आणि एका लॅबची 38 मशीन 'रडतात' अशी तक्रार होती. फाइल उघडायला मिनिट, प्रोग्रॅम कंपाइल व्हायला दोन. मी सकाळी लवकर गेलो. दार उघडल्यावर आधी आवाज आला, मग गरम वाफ. आत कुणी नव्हतं, स्क्रीन काळ्या होत्या, तरी अडतीस पंखे एका सुरात घुमत होते. पहिल्या मशीनवर टास्क मॅनेजर उघडला तर सीपीयू, म्हणजे प्रोसेसर, शंभर टक्के कामात. माझ्या मनात पहिला शब्द आला तो मायनिंग. कुणीतरी कॉलेजच्या विजेवर क्रिप्टो, म्हणजे आभासी चलन, खणतंय.

खणत होतं, पण क्रिप्टो नव्हे. निघालं बॉइंक. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी पुढे सांगतो. आधी ते कसं बसवलं होतं ते ऐका, कारण माझ्या मते सगळा मुद्दा तिथेच आहे. प्रोग्रॅम सर्व्हिस म्हणून बसवलेला, म्हणजे कुणी लॉगिन केलं नाही तरी चालतो. आयकॉन लपवलेला. लॅब असिस्टंट संध्याकाळी सगळी मशीन बंद करून जायचे, म्हणून रात्री ती आपोआप परत चालू व्हावीत अशी बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, वेळ लावलेली. सगळ्या अडतीस मशीन एकाच खात्याला जोडलेल्या. खातं तिसऱ्या वर्षाच्या एका मुलाचं.

मुलगा पळाला नाही, नाकारलंही नाही. म्हणाला, "सर, मी काही चोरलं नाही. प्रोटीनच्या संशोधनाला मदत करत होतो. मशीन रात्रभर रिकामीच असतात."

व्यवस्थापनाची बैठक बसली. मला बाहेर बाकावर बसवलं होतं, पण तावदान फुटकं होतं त्यामुळे ऐकू येत होतं. एक बाजू म्हणत होती, सायबर पोलिसांत द्या, वर्षभर काढून टाका, बाकीच्यांना जरब बसेल. दुसरी म्हणत होती, पोरगं हुशार आहे, विज्ञानासाठी केलंय, सोडून द्या. एकजण तर म्हणाले, उलट पेपरात बातमी द्या. बैठक निर्णयाविना संपली, चहा मात्र झाला. मला दोन्ही बाजू पटल्या नाहीत, आणि त्या का पटल्या नाहीत हे मला फार जुन्या काळापासून माहीत आहे. तेही सांगायचं आहे. जरा अवघड आहे, म्हणून सावकाश येतो.

आधी बॉइंकबद्दल. एखादा हिशेब इतका मोठा असतो की एका कॉम्प्युटरला शेकडो वर्षं लागतील. मग त्याचे लहान लहान तुकडे करतात आणि ज्यांना वाटेल त्यांनी आपल्या घरच्या मशीनवर एकेक तुकडा सोडवून परत पाठवायचा. बिडीच्या धंद्यातलं उदाहरण आपल्याकडे सगळ्यांना कळेल. कारखान्यातून पानं आणि तंबाखू घरी आणायची, घरी बसून बिड्या वळायच्या, दुसऱ्या दिवशी मोजून द्यायच्या. फरक एवढाच की इथे मजुरी नाही, सगळी फुकट सेवा. 1996 साली गिम्प्स नावाचा प्रकल्प अशा रीतीने मोठमोठ्या मूळ संख्या शोधू लागला. मे 1999 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले शाखेने सेटी ॲट होम सुरू केलं. पोर्तो रिकोतल्या आरेसिबोच्या रेडिओ दुर्बिणीने टिपलेल्या आवाजात परग्रहावरच्या कुणाची हाक आहे का, ते शोधायचं. पन्नास लाखांवर लोकांनी त्यात भाग घेतला. पुढे त्याच मंडळींनी बॉइंक बनवलं, म्हणजे एकाच प्रोग्रॅममधून हवा तो प्रकल्प निवडता यावा.

हे काही पोरखेळ नाहीत. 2010 मध्ये आइन्स्टाइन ॲट होममध्ये स्वयंसेवकांच्या घरच्या कॉम्प्युटरवर एक नवा पल्सार, म्हणजे ठेक्यात रेडिओ लहरी सोडणारा फिरता तारा, सापडला. कोविडच्या पहिल्या लाटेत, 2020 च्या मार्च-एप्रिलमध्ये, फोल्डिंग ॲट होमला इतके लोक जोडले गेले की सगळ्यांची मिळून ताकद सेकंदाला एकावर अठरा शून्यं इतक्या आकडेमोडींच्या पुढे गेली. तोवर कुठल्याही एका सुपरकॉम्प्युटरने तो टप्पा गाठला नव्हता. आपल्या या मुलाने ज्या रोझेटा ॲट होमला मशीन जोडली, तो प्रकल्प डेव्हिड बेकर यांच्या प्रयोगशाळेचा. बेकरना 2024 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, प्रोटीनच्या संगणकीय रचनेबद्दल. तेव्हा मुलगा थापा मारत होता असं कुणी म्हणू नये. काम खरं आहे. मशीन मात्र त्याची नव्हती.

आता माझी गोष्ट.

2001 साली मी एका सायबर कॅफेत कामाला होतो. नऊ मशीन, डायल-अप, तासाला तीस रुपये. वडील पूर्व भागातल्या एका यंत्रमागाच्या शेडमध्ये, मी इंटरनेटच्या शेडमध्ये. एका मासिकात सेटीबद्दल वाचलं आणि वेडा झालो. एका मशीनवर टाकलं. स्क्रीनसेव्हरवर रंगीत डोंगर उमटायचे, गिऱ्हाईकं विचारायची हे काय. एका तुकड्याची फाइल जेमतेम 340 केबी, म्हणजे डायल-अपवरही उतरायची, पण सोडवायला आमच्या सेलेरॉनला दिवस दिवस लागायचे. आणि आपल्या नावापुढे किती तुकडे झाले तो आकडा वाढताना दिसायचा. तो आकडा, खरं सांगतो, परग्रहवाल्यांपेक्षा जास्त ओढायचा. महिन्याभरात नऊही मशीनवर टाकलं. मालकांना विचारलं नाही. विचारलं तर नाही म्हणतील असं वाटलं, म्हणून विचारलं नाही. हे वाक्य मला पुढे लागणार आहे.

मशीन मंद झाली. गिऱ्हाईकं कुरकुरू लागली. मालक म्हणाले, व्हायरस आलाय, सगळी फॉरमॅट कर. फॉरमॅटचे पगाराबाहेर मशीनमागे शंभर रुपये मिळायचे. मी नऊ मशीन फॉरमॅट केली, नऊशे रुपये घेतले, आणि आठवड्याभरात त्यातल्या चार मशीनवर सेटी परत टाकलं.

आजार मीच, औषध मीच, फी पण मीच. आणि तेव्हा मला कुणी विचारलं असतं तर मीही हेच म्हणालो असतो : काही चोरलं नाही, विज्ञानाला मदत करत होतो, मशीन रिकामीच असतात.

ते 'रिकामी' प्रकरण आधी निकालात काढू. रिकामा कॉम्प्युटर म्हणजे कट्ट्यावर बसलेला माणूस. बसल्या बसल्या फारसं खात नाही. प्रोसेसरला काम नसलं की तो वेग उतरवतो, वीज कमी ओढतो, थंड राहतो. त्याला चोवीस तास पोती उचलायला लावली की भूक वाढते. मी त्या लॅबमधलं एक मशीन प्लगच्या मीटरला लावून पाहिलं. मॉनिटर धरला नाही. नुसतं चालू : 42 वॉट. बॉइंकसकट : 95 वॉट. आता बेरीज करा. दिवसा आठ तास मशीनमागे 53 वॉट जादा, 38 मशीनचे मिळून सोळा युनिट. रात्री सात ते सकाळी आठ, जेव्हा ती बंदच असायला हवी होती, तेव्हा पूर्ण 95 वॉट, म्हणजे सत्तेचाळीस युनिट. दिवसाला त्रेसष्ट. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर दीड हजाराच्या वर युनिट. दहा रुपये युनिट धरा (खरा दर तुमच्या बिलावर बघा), पंधरा हजार रुपये झाले. एका महिन्याचे. हे असं किमान चार महिने चाललं होतं.

वर उष्णता. सोलापूरचा उन्हाळा काय असतो ते मी तुम्हाला सांगायला नको. एप्रिल-मेमध्ये पारा 42-43 ला टेकतो, लॅबमध्ये धूळ असते, प्रोसेसरवरची पेस्ट वाळून खडू झालेली असते. त्या चार महिन्यांत तिथले दोन एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारे डबे, जळाले. ते बॉइंकमुळेच जळाले असं मी छातीठोक सांगणार नाही, एसएमपीएस तसेही जळतात. पण बिल मीच लावलं होतं, कॉलेजने भरलं होतं, आणि ते बिल आठवलं की मला ते नऊशे रुपये आठवतात.

वडिलांच्या शेडमधली एक गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आलोय. एका विणकराने रात्रपाळीत मालकाच्या मागावर स्वतःचं सूत लावून टॉवेल काढले. मालकाचं सूत त्याने एक तार घेतलं नाही. पकडला गेल्यावर म्हणाला, माग रिकामाच होता की. मालकाने काही न बोलता लाइट बिल पुढे ठेवलं. मग तेलाचा डबा. मग झिजलेला धोटा. वडील ही गोष्ट सांगताना नेहमी विणकराच्या बाजूने असायचे, हे कबूल करतो. त्या मालकाने वर्षानुवर्षं कमी मजुरी दिली होती. पण त्यांनीसुद्धा 'माग रिकामा होता' हे कारण कधी मान्य केलं नाही. ते म्हणायचे, मागायचं तर मजुरी मागावी, माग नाही.

मुलाच्या बाबतीत तर तीही तक्रार नव्हती. कॉलेज त्याचं काही देणं लागत नव्हतं.

आपल्याकडे याला नेमका वाक्प्रचार आहे : हलवायाच्या घरावर तुळशीपत्र. दुसऱ्याच्या मालाचं दान करायचं आणि पुण्य आपल्या खात्यावर. बॉइंकमध्ये तर हे शब्दशः होतं. जेवढी आकडेमोड तेवढे क्रेडिट, आणि क्रेडिट खातेदाराच्या नावावर. लोक टीम बांधतात, देशादेशांच्या याद्या लागतात. त्या मुलाचं नाव यादीत चांगलंच वर गेलं होतं. त्याने ते मला अभिमानाने दाखवलं. मी म्हणालो, वीज कॉलेजची, मशीन कॉलेजची, फॉरमॅट माझा, यात तुझं काय आहे? तो जरा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "आयडिया." हजरजबाबी आहे, यात वाद नाही.

याला इंग्रजीत व्हॉलंटिअर कॉम्प्युटिंग म्हणतात, स्वयंसेवेचं गणन. त्यातला 'स्वयं' महत्त्वाचा. आपल्या गावचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 मध्ये चीनला जाणाऱ्या वैद्यकीय पथकात गेले ते स्वतः गेले. शेजाऱ्याच्या मुलाचं नाव देऊन आपण घरी बसले नाहीत. एवढ्या मोठ्या माणसाचं उदाहरण एवढ्याशा प्रकरणात ओढलं म्हणून रागावू नका, पण सोलापुरात स्वयंसेवक म्हटलं की दुसरं नाव डोळ्यासमोर येत नाही.

आणि हे माझं एकट्याचं मत आहे असं नाही. बॉइंक बनवणाऱ्यांनीच नियम करून ठेवलाय : ज्या कॉम्प्युटरचे मालक तुम्ही स्वतः आहात, किंवा ज्याच्या मालकाची परवानगी तुम्ही घेतली आहे, त्यावरच हे चालवा. कंपन्या आणि शाळा-कॉलेजं याला मनाई करू शकतात, हेही तिथेच लिहिलंय. म्हणजे ज्यांच्यासाठी त्याने हे केलं त्यांनाच ते या रीतीने नको होतं. दात्याने चोरून आणलेला हार देवाला चढवावा आणि पुजाऱ्याने आधीच पाटी लावलेली असावी, असा प्रकार.

आता ज्यांना पोलिसांत जायचंय त्यांच्यासाठी.

कायदा तुमच्या बाजूने आहे, खोटं का बोला. माहिती तंत्रज्ञान कायदा 2000 चं कलम 43 म्हणतं, मालकाच्या किंवा मशीन ज्याच्या ताब्यात आहे त्याच्या परवानगीशिवाय कॉम्प्युटर वापरला, त्यात काही घातलं, त्याच्या कामात अडथळा आणला, तर नुकसानभरपाई. तेच कृत्य अप्रामाणिकपणे किंवा फसवणुकीच्या हेतूने केलं तर कलम 66, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कायद्याने या दोन पायऱ्या वेगळ्या ठेवल्या आहेत. खालची पायरी हाताशी असताना एकदम वरचीवर उडी मारू नये एवढंच माझं म्हणणं.

उडी मारली की काय होतं ते अमेरिकेत दिसलंय. जॉर्जिया राज्यात तेव्हा डिकॅल्ब टेक्निकल कॉलेज होतं. तिथल्या सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटरने 1999 मध्ये कॉलेजच्या मशीनवर डिस्ट्रिब्युटेड डॉट नेटचा प्रोग्रॅम टाकला, एका सांकेतिक लिपीची किल्ली शोधायच्या स्पर्धेसाठी. 2001 मध्ये त्याच्यावर खटला भरला. सरकारने नुकसानीचा हिशेब कसा केला? नेटवर्क वापराचे सेकंदाला 59 सेंट. झाले 4,15,000 डॉलर. सगळी कलमं लागली असती तर 120 वर्षांपर्यंत शिक्षेची टांगती तलवार. जानेवारी 2002 मध्ये तडजोड झाली ती अशी : एक वर्ष प्रोबेशन, 2,100 डॉलर भरपाई, आणि 80 तास समाजसेवा, तीही कॉम्प्युटरशी संबंध नसलेली. चार लाखांचे दोन हजार झाले. मधल्या काळात त्या माणसाचं जे व्हायचं ते होऊन गेलं.

माझ्या दिवसाला 63 युनिटांच्या हिशेबाला तुम्ही हसाल, पण त्याचा एक फायदा आहे. त्यात सेकंदाला 59 सेंट नाहीत.

तरी सोडून द्या म्हणणाऱ्यांशीही माझं भांडण आहे. 'कुणाचं काय बिघडलं' असं विचारणाऱ्यांना 1998 ची गोष्ट सांगतो. अमेरिकेतल्या एका टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या कंत्राटी माणसाने गिम्प्ससाठी कंपनीच्या 2,585 मशीनवर प्रोग्रॅम टाकला. मूळ संख्या शोधायच्या होत्या, याहून निरुपद्रवी काही असतं का? पण फोन नंबर शोधून द्यायला जिथे तीन ते पाच सेकंद लागायचे तिथे पाच मिनिटं लागू लागली. गणिताचा उपद्रव झाला तो फोनपाशी ताटकळत बसलेल्या माणसाला. आपल्याकडे झाला तो प्रॅक्टिकलला बसलेल्या पोरींना. त्यातली एक मला म्हणाली, दोनदा प्रोग्रॅम हँग झाला, तिसऱ्या वेळी रडूच आलं. तिला प्रोटीनबद्दल कुणी विचारलं नव्हतं.

याच गिम्प्समध्ये ऑक्टोबर 2024 मध्ये तोवरची सगळ्यात मोठी मूळ संख्या सापडली, 4,10,24,320 अंकी. शोधणाऱ्याने त्यासाठी 17 देशांतल्या डेटा सेंटरांमध्ये क्लाउडवरची जीपीयू, म्हणजे भाड्याचे वेगवान प्रोसेसर, लावली होती. वेड तेच, पण मशीन विचारून घेतलेली.

आणि एक गोष्ट आम्हा दुरुस्तीवाल्यांची. त्या सकाळी मला बॉइंक आणि चोरटं मायनिंग यात बाहेरून काहीही फरक दिसला नाही. लपवलेली सर्व्हिस, अनोळखी सर्व्हरशी बोलणं, रात्रीची हालचाल, सगळं तेच. 2017 नंतर कॉइनहाइव्हसारख्या प्रकारांनी वेबसाइट उघडणाऱ्यांच्या मशीनवर परस्पर क्रिप्टो खणायचा धंदा केला; तिथेही बचाव हाच होता, तुमचा सीपीयू तसाही रिकामा असतो. चांगल्या हेतूचा माणूस लपायला लागला की तो चोराचेच कपडे घालतो. मग ओळखायचं कसं? मी तर हेतू मोजायचं मीटर विकत नाही.

परवानगी द्यायची कुणी, हा प्रश्नही तुमच्या बैठकीत कुणी काढला नाही. तो मुलगा म्हणत होता, लॅब असिस्टंटना एकदा सांगितलं होतं, ते म्हणाले कर काय करायचं ते. असिस्टंट म्हणतात, मला वाटलं प्रोजेक्टचं काहीतरी आहे. समजा त्यांनी खरंच हो म्हटलं असतं. तरी ते पुरलं असतं का? किल्ली खिशात आहे म्हणून घर आपलं होत नाही. जॉर्जियातल्या माणसाच्या तर हातात सगळ्या किल्ल्या होत्या. मशीन घेतली मुलांच्या फीमधून आणि अनुदानातून, बिल भरते संस्था, तेव्हा होकार संस्थेचा हवा, आणि तो कागदावर हवा. तोंडी 'कर काय करायचं ते' हा होकार नसतो, तो कंटाळा असतो.

इथे मला तुमच्याकडेही बोट दाखवायचंय, राग मानू नका. माझी पुतणी तुमच्यापैकीच एका कॉलेजात आहे. तिला पहिल्याच आठवड्यात सांगितलं, हजेरीचं ॲप मोबाइलवर टाका, नाहीतर हजेरी लागणार नाही. ॲप लोकेशन मागतं, मागे चालू राहतं, बॅटरी खातं, आणि डेटा तिच्या रिचार्जचा. मोबाइल तिचा, तिच्या आईने चादरीच्या दुकानात उभं राहून हप्त्यावर घेतलेला. तिला कुणी विचारलं? दुसऱ्याच्या मशीनवर न विचारता आपलं काम चालवू नये हे जर आपण त्या मुलाला शिकवणार असू, तर तो सगळ्यात आधी स्वतःच्या खिशातला मोबाइल बाहेर काढून दाखवील. मग काय सांगणार?

आता मागणी. मी काही मोठा माणूस नाही, तरी मेंटेनन्सचा करार आहे म्हणून बोलतो.

त्या मुलाला पोलिसांत देऊ नका, काढून टाकू नका. त्याच्याकडून विजेचा हिशेब करून घ्या. त्यानेच करायचा, मीटर मी देतो. आकडा त्याच्यासमोर त्याच्याच हाताने आला पाहिजे. पैसे हप्त्याने घ्या, किंवा सुट्टीत माझ्याबरोबर मशीनची धूळ काढायला पाठवा. एका मशीनला अर्धा तास लागतो, त्याला समजेल गरम प्रोसेसर म्हणजे काय. ज्या बॅचची प्रॅक्टिकल बिघडली त्यांच्यासमोर त्याने उभं राहून सांगावं की ते मी केलं. हे सगळ्यात अवघड जाईल. आणि खात्यावरचं ते क्रेडिट? ते पुसता येत नाही म्हणे. राहू दे, बघत बसेल.

पण त्याच वेळी विचारायला एक दार ठेवा. आज तुमच्या कुठल्याही कॉलेजात एखाद्या मुलीला वाटलं की लॅबची दहा मशीन रात्री अशा कामाला द्यावीत, तर तिने अर्ज करायचा कुणाकडे? मी पाच ठिकाणी विचारलं. तीन ठिकाणी हसले, एके ठिकाणी विचारलं की त्यात कॉलेजला काय मिळतं, पाचव्या ठिकाणी साहेब जेवायला गेले होते. विचारलं तर नाही म्हणतील म्हणून विचारलं नाही, हे माझं वाक्य मी वर लिहिलंय. ते वाक्य फक्त पोरांच्या डोक्यात तयार होत नाही, त्यात तुमचाही हात असतो. नाही म्हणायचं तर खुशाल म्हणा, कारण सांगून म्हणा, पण अर्ज वाचून म्हणा.

आणि हो म्हणायचं ठरलं तर ते सोपं आहे. जुनी मशीन नकोत, ती वीज जास्त खातात आणि काम कमी करतात. परीक्षेचा महिना सोडून द्या. मार्च ते जून तर नकोच. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास थंडी असते तेव्हा चालवा. बॉइंकमध्येच सोय आहे, सीपीयू किती टक्के वापरायचा, कुठल्या वेळात, कुणी कीबोर्डला हात लावला की थांबायचं. ते नीट लावलं तर दिवसा कुणाला कळणारही नाही. पण कळू द्या. लॅबच्या दारावर कागद लावा : या मशीनवर अमुक प्रकल्प चालतो, अमुक तारखेपर्यंत, परवानगी अमुक यांची, त्रास झाला तर अमुक यांना सांगा. खातं कॉलेजच्या नावाने काढा. बिलात किती फरक पडला ते महिन्याला लिहून ठेवा आणि जड वाटलं तर बंद करा.

कॅफेच्या मालकांचं सांगायचं राहिलं. ते आता मुलाच्या मोबाइलच्या दुकानात गल्ल्यावर बसतात. हे पत्र लिहायला घेतल्यावर मी त्यांच्याकडे गेलो आणि चोवीस वर्षांनी सगळं सांगितलं, फॉरमॅटसकट. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "काय बे, मग गावले का ते एलियन?"

म्हटलं, नाही. 2020 मध्ये त्यांनी लोकांना तुकडे पाठवणंही बंद केलं.

"आणि माझे नऊशे?"

मला वाटलं चेष्टा करताहेत. हात पुढेच होता. मी नऊशे काढून दिले, त्यांनी ते मोजून गल्ल्यात टाकले. मग चहा मागवला. चहा पिताना म्हणाले की तेव्हा विचारलं असतंस तर एका मशीनवर चालवू दिलं असतं, ते रंगीत डोंगर त्यांनाही आवडायचे. खरंच दिलं असतं की आता बोलायचं म्हणून बोलले, सांगता येत नाही. लाइट बिलाचं मात्र ते विसरले, आणि मी आठवण करून दिली नाही. पुढच्या वेळी देईन.

अर्जाचा नमुना सोबत जोडला आहे, एक पान आहे. तो त्या मुलानेच टाइप केलाय. खाली प्राचार्यांच्या सहीची जागा मोकळी आहे.

आपला,
नवी पेठेतला एक मशीन दुरुस्तीवाला
सोलापूर